आवणी उरकली की बांधावर सप्तरंगी लावा, पण एकरभर नको

नमस्कार मंडळी. आवणीतून, म्हणजे भातलावणीतून, मोकळं झालं की आठ-पंधरा दिवस हाताला जरा उसंत मिळते, वरकसात (भात न होणाऱ्या माळजमिनीत) आणि बांधावर झाडं लावायची तीच वेळ. सध्या मुरबाड-शहापूरपासून पार पनवेलपर्यंत जो भेटतो तो विचारतो, दादा, सप्तरंगी नावाचं ते औषधी झाड शुगरवर, म्हणजे डायबेटीसवर, चालतं म्हणतात, लावू का एक एकर? माझं सरळ म्हणणं, लावा पण बांधावर, आणि पैशाचा हिशोब मुळांवर धरू नका.

कारण बाजारात मागणी मुळांना, आणि मूळ खणलं की झाडच गेलं, परत तयार व्हायला कित्येक वर्षं. जंगलातली सप्तरंगी अशीच विरळ होत चाललीय. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून कोणी उपटून आणून देतो म्हणाला तर हात जोडा, तो नॅशनल पार्कचा भाग आहे, केस होईल ती वेगळीच.

आता शुगरचं काय ते समजून घ्या. हिची सख्खी बहीण श्रीलंकेत असते, तिकडे तिच्या लाकडाचा पेला करून त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी पितात. त्या झाडातून जपानी शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात सालासिनॉल आणि कोटालानॉल वेगळे काढले, आपल्या सप्तरंगीतही सालासिनॉल आहे. भात-भाकरीतल्या स्टार्चची साखर करणारं आतड्यातलं एन्झाइम हे घटक अडवतात, म्हणून जेवणानंतर शुगर एकदम उसळत नाही, अॅकारबोज नावाची डायबेटीसची गोळी पण हेच काम करते. अँटिऑक्सिडंट म्हणाल तर मुख्य नाव मँजिफेरिन, ते आंब्याच्या पानातपण असतं, त्यामुळे 'दुर्मिळ अँटिऑक्सिडंट' म्हणून कोणी पुडी महाग विकत असेल तर हसून सोडून द्या.

लावताना ओळख नीट करा. पानं समोरासमोर, जाडसर, चकचकीत, पिकलेलं फळ लालसर-केशरी आणि जुनं मूळ आडवं कापलं तर एकात एक कडी दिसतात. बी ताजंच पेरायचं, डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरू म्हणाल तर भरवसा नाही. छाट कलम होतं पण मुळं फुटायला फार वेळ घेतं, घाई असेल तर नर्सरीतलं पिशवीतलं रोप घ्या, तेही शेंड्याला नवी पालवी असलेलं.

दीड फुटाचा खड्डा, तळाला शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, वाळवीचा त्रास असेल तिथे पेंड विसरू नका. खाचराच्या कडेला पाणी तुंबतं तिथे लावू नका, मुरमाड उताराचा बांध बघा. ही धड झुडूप नाही धड वेल नाही, आधार मिळाला की चढते, म्हणून आंब्याच्या किंवा करवंदाच्या जवळ, अर्धवट सावलीत बरी राहते. नवी मुंबईत सोसायटीत लावणार असाल तर मोठा ड्रम घ्या, कुंडीत जीव घुसमटतो.

खरी परीक्षा दिवाळीनंतर. भात कापलं की गुरं मोकळी सुटतात आणि कोवळी पालवी साफ करतात, म्हणून काट्यांचं कुंपण आत्ताच करून ठेवा. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा तरी पाणी, आणि वणव्याच्या आधी रोपाभोवतीचं गवत काढून गोल मोकळा करा.

विकायचं तर छाटणीतल्या फांद्या-पानं कोण घेतो ते आधी विचारा, सावलीत वाळवा, दुसरी काडी मिसळू नका. आणि घरात कोणाला डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता सप्तरंगीचा काढा देऊ नका. दोन्ही मिळून शुगर फार खाली जाऊ शकते, आणि अशा वेळी हाताशी ग्लुकोज पावडर हवी, कारण ज्या एन्झाइमला हे झाड अडवतं तेच साखर फोडतं, त्यामुळे चमचाभर साखर दिली तरी ती रक्तात पोचायला उशीर होतो. पोटात गॅस, जुलाब झाले तर काढा बंद.