ऑप्टोमेट्री शिकताय? मग रेटिनोस्कोप रोज हातात घ्या

ऑप्टोमेट्रीला अ‍ॅडमिशन मिळालं की पहिल्या वर्षी सगळे पुस्तकांच्या मागे लागतात. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, जिऑमेट्रिकल ऑप्टिक्स, सगळं महत्त्वाचंच आहे, पण क्लिनिकमध्ये पेशंट समोर बसला की आधी हात लागतो आणि हात एका रात्रीत तयार होत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून परत येणाऱ्या चमकेवरून नंबर काढणं, पहिल्यापासून रोज थोडी थोडी करायची, प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात नाही.

सुरुवात मॉडेल आयवर (सरावाच्या खोट्या डोळ्यावर) करा, तो हलत नाही की कंटाळत नाही. स्ट्रीक, म्हणजे रेटिनोस्कोपची प्रकाशाची पट्टी, बाहुलीवरून फिरवली की आतली लाल चमक पट्टीच्याच दिशेने सरकली तर विद मूव्हमेंट, प्लस लेन्स वाढवा. उलट गेली तर अगेन्स्ट, मायनस द्या. न्यूट्रल, म्हणजे चमक सरकायची थांबते तो बिंदू, जवळ आलं की चमक रुंद, तेजस्वी आणि फास्ट होते आणि मग अख्खी बाहुली एकदम उजळते. नंबर फार मोठा असेल तर चमक इतकी मंद आणि हळू असते की नवीन मुलांना मोतीबिंदूच वाटतो, अशा वेळी आधी एखादी मोठ्या पॉवरची लेन्स लावून बघा, प्लस पण आणि मायनस पण.

मग वर्किंग डिस्टन्स, म्हणजे तुमचं पेशंटच्या डोळ्यापासूनचं अंतर. ६७ सेंटिमीटरवर बसलात तर शेवटी १.५० डायॉप्टर (लेन्सच्या पॉवरचं एकक) वजा करायचे, ५० वर बसलात तर २.००. बोलता बोलता आपण पुढे सरकतो, ६७ चे ५० होतात आणि तरीही १.५० च वजा केले की नंबर अर्ध्या डायॉप्टरने चुकतो. रेटिनोस्कोपला मापाची दोरी बांधा, अधूनमधून ताणून बघा.

एक उदाहरण डोक्यात पक्कं बसवा. अंतर ६७. स्ट्रीक उभी धरून आडवी फिरवली तेव्हा प्लस १.५० ला न्यूट्रल झालं, आणि स्ट्रीक आडवी धरून वर-खाली केली तेव्हा प्लस ०.५० ला. दोन्हीतून १.५० काढा, आडव्या मेरिडियनमध्ये (डोळ्याच्या आडव्या रेषेत) शून्य, उभ्यात मायनस १.००. म्हणजे नंबर झाला प्लेनो (शून्य), सिलिंडर (एकाच दिशेतला नंबर) मायनस १.००, अ‍ॅक्सिस (त्याचा कोन) १८०. कोण कुठला मेरिडियन हे इथेच सगळ्यांचं उलटं होतं, त्यामुळे कागदावर दोन्ही मेरिडियनचा क्रॉस काढायची सवय लावा, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत.

पेशंटला लांबच्या टार्गेटकडे बघायला सांगा. तो तुमच्या लाइटकडे बघायला लागला की अकॉमोडेशन (जवळचं बघायला डोळ्याने फोकस करणं) सुरू होतं आणि खोटा मायनस दिसतो, लहान मुलांत तर फारच, म्हणूनच त्यांना गरज पडली की हे फोकस थांबवणारे सायक्लोप्लेजिक ड्रॉप्स टाकून तपासतात. पेशंटचा उजवा डोळा बघताना तुमचाही उजवा डोळा आणि उजवा हात, डाव्याला डावा. तुमचा दुसरा डोळा मिटू नका.

ऑटोरेफ (आपोआप नंबर काढणारं मशीन) आहे मग हे कशाला, असं विचारणारे भेटतात. हनुवटी टेकवून दोन मिनिटं स्थिर न बसणारं मूल, न बोलणारा पेशंट, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) खराब असलेला डोळा, इथे मशीन अडतं आणि रेटिनोस्कोप चालतो. चमक कात्रीसारखी उघडझाप करताना दिसली तर केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका घ्यायची, हे ऑटोरेफच्या आकड्यात दिसत नाही.

सब्जेक्टिव्हमध्ये, म्हणजे पेशंटला विचारून नंबर पक्का करताना, मुख्य काम बोलण्याचं. ‘पहिलं बरं की दुसरं’ विचारलं की लोक परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात, तेव्हा आधीच सांगा की दोन्ही सारखं वाटलं तरी तेच उत्तर बरोबर. मायनस जास्त झाला की अक्षरं छोटी आणि काळीभोर दिसतात, पेशंट खूश होतो आणि तुम्ही फसता. ‘जास्त काळं दिसतंय का’ विचारू नका, ‘खालची ओळ वाचता येते का’ विचारा. मायनस ०.२५ ने वाढवून एकही जास्तीचं अक्षर वाचलं नाही तर तो मायनस द्यायचा नाही. शेवटी ड्युओक्रोम (लाल-हिरव्या पार्श्वभूमीवरच्या अक्षरांची टेस्ट) आणि दोन्ही डोळ्यांचं बॅलन्सिंग, घाईत नेमकं हेच राहतं.

थिअरीबद्दल एवढंच की ऑप्टिक्स पाठ करू नका, किरणं काढून सोडवा. प्रेंटिसचा नियम घ्या (लेन्सची पॉवर गुणिले सेंटिमीटरमध्ये सरकलेलं अंतर), ४ डायॉप्टरची लेन्स ५ मिलिमीटर सरकली तर २ प्रिझम डायॉप्टरचा, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवणारा, परिणाम तयार होतो. हे एकदा हाताने सोडवलं की ‘नवीन चष्म्याने डोकं दुखतं’ म्हणत परत आलेल्या पेशंटची नंबराआधी फ्रेम आणि सेंटर तपासायचं आपोआप सुचतं.

स्लिट लॅम्प (डोळ्याचा मायक्रोस्कोप) आणि फंडससाठी (डोळ्याच्या आतल्या मागच्या भागासाठी) वर्गमित्रांचे डोळे भरपूर बघा, नॉर्मल शेकडो वेळा बघितलं की बिघडलेलं लगेच खटकतं. डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ mmHg च्या मध्ये आलं म्हणून काचबिंदू नाही असं लिहून मोकळं होऊ नका, प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू असतो, डिस्क (डोळ्याच्या नसेचं आत दिसणारं टोक) बघायचीच.

आणि हिस्टरी घेताना पेशंट म्हणाला की अचानक वीज चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके वाढलेत किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटतंय, तर चष्म्याचा नंबर बाजूला ठेवा, लगेच सुपरवायझरला बोलवा आणि त्याच दिवशी बाहुली मोठी करून रेटिना तपासला जाईल हे बघा. केस शीटवर त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत आणि वेळ टाकून लिहा.