नारळ मिळायच्या आत: तेलाच्या मंदीत नोकरी कशी सांभाळायची, आणि गेलीच तर काय करायचं

तेलाचा भाव रोज बघून नोकरीचा अंदाज बांधता येत नाही. अमेरिकेत तेलासाठी खोदणाऱ्या रिग ऑक्टोबर २०१४ मध्ये १,६०९ होत्या, मे २०१६ मध्ये ३१६ उरल्या. भाव मात्र २०१६ च्या फेब्रुवारीतच तळाला टेकून वर निघाला होता. भाव सावरल्यावरही तीन महिने रिग बंद पडतच होत्या. याच्या उलट, भाव कोसळला म्हणून दुसऱ्याच दिवशी कोणी पत्र हातात देत नाही. मधे करार असतात, वर्षाचं बजेट असतं. तुमचा पगार त्यातल्या कुठल्या खात्यावर पडतो, ते आधी शोधा.

कात्री कुठे आधी लागते

सगळ्यात आधी उद्यावर ढकलता येण्यासारखा खर्च थांबतो: सिस्मिक सर्व्हे (जमिनीखालचं तेल शोधणारी पाहणी), शोधविहिरी, मंजुरीच्या वाटेवर असलेले प्रकल्प. मग ड्रिलिंग, आणि त्याच्या मागोमाग विहिरीचं सिमेंटिंग, लॉगिंग (विहिरीतल्या खडकांची मोजणी), फ्रॅकिंग (दाबाने खडक फोडणं) करणाऱ्या सर्व्हिस कंपन्या. चालू विहीर मात्र पैसे आणत असते, त्यामुळे प्रॉडक्शन ऑपरेटर आणि मेंटेनन्सवाले बराच काळ टिकतात. जुन्या विहिरी कायमच्या बुजवण्याचं काम अनेक ठिकाणी कायद्याने बंधनकारक असतं. मंदीत ते लांबतं, पण सहसा रद्द होत नाही.

रिफायनरीचं गणित वेगळं. तिला क्रूड, म्हणजे जमिनीतून निघालेलं तेल, हा कच्चा माल, तो स्वस्त झाला म्हणजे वाईटच असं नाही. पण मंदी कशामुळे आली ते बघा. २०१४ ची मंदी मुख्यतः पुरवठा जास्त झाल्याने आली होती. २०२० मध्ये मागणीच आटली, २० एप्रिलला डब्ल्यूटीआय हे अमेरिकेचं प्रमुख तेल उणे ३७.६३ डॉलरवर बंद झालं, आणि तेव्हा रिफायनऱ्यांनाही झळ बसली. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते अशा वेळी.

रिगवर असाल तर तीन गोष्टी माहीत हव्यात: करार कधी संपतो, मुदतवाढीचा पर्याय कोणाच्या हातात आहे, आणि तेल कंपनीला कारण न देता करार मोडता येतो का. शेअर बाजारात असलेल्या, समुद्रात खोदणाऱ्या मोठ्या ड्रिलिंग कंपन्या फ्लीट स्टेटस रिपोर्ट प्रसिद्ध करतात. त्यात सहसा प्रत्येक रिगचं नाव, ग्राहक आणि कराराची अखेर लिहिलेली असते. कँटीनमधल्या कुजबुजीपेक्षा तो कागद बरा. करार संपून रिग वॉर्म स्टॅक झाली, म्हणजे लगेच चालू करता येईल अशी उभी ठेवली, तर थोडका क्रू राहतो. कोल्ड स्टॅक झाली, म्हणजे पूर्ण बंद करून ठेवली, तर जवळपास सगळेच उतरतात.

प्रवास आणि ट्रेनिंग बंद होणं ही पहिली खूण. दात कोरून पोट भरत नाही हे वरच्यांनाही कळतं, म्हणूनच पुढचा घाव मोठा असतो. मग कंत्राटी माणसं जातात, व्हेंडरांना दर उतरवण्याची पत्रं जातात, स्वेच्छेने जाणाऱ्यांसाठी योजना निघते. तुमच्या कामाची इत्थंभूत लेखी माहिती अचानक मागितली गेली, तर पुढचं वाचून ठेवा.

आधी करायची कामं

ट्रेनिंगचं बजेट उघडं आहे तोवर सर्टिफिकेटं नवी करून घ्या. बोसिएट (समुद्रातल्या कामासाठीचं सुरक्षा प्रशिक्षण) चार वर्षं चालतं, आयडब्ल्यूसीएफ या संस्थेचं वेल कंट्रोल, म्हणजे विहिरीचा दाब आवरण्याचं सर्टिफिकेट (लेव्हल ३ व ४), दोन वर्षं, एपीआय ५१० (प्रेशर व्हेसलच्या तपासणीचं) तीन वर्षं. बोसिएटची मुदत संपायच्या आत एक दिवसाच्या फोएट या उजळणी कोर्सवर भागतं. संपली की पुन्हा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स, आणि तोही स्वखर्चाने. तहान लागल्यावर विहीर खणणं या धंद्यातल्या माणसाला तरी शोभत नाही. कोर्ससाठी बाँड (अमुक काळ नोकरी सोडली तर पैसे परत करीन असा करार) लिहून दिला असेल तर तो नीट वाचा: कंपनीने काढलं तरी वसुली होते का?

पैशांचं गणित बेसिकवर मांडा. समजा हातात १०० येतात. त्यातले ५५ बेसिक, ४५ फील्ड अलाउन्स (रिगवर असेपर्यंत मिळणारा भत्ता). रिग थांबली की ४५ त्या महिन्यापासून गायब होतात, नोकरी शाबूत असली तरी. काढताना मिळणारी रक्कमही बहुतेक ठिकाणी बेसिकवरच मोजतात. तेव्हा सगळे हप्ते ५५ मध्ये बसले पाहिजेत. न बसणारं कर्ज चांगल्या दिवसांत फेडून टाका. हाताशी निदान सहा महिन्यांचा घरखर्च हवा. ड्रिलिंगवाल्यांनी बारा महिन्यांचा धरावा, कारण मागच्या मंद्या सहा महिन्यांत आवरल्या नव्हत्या.

कागद स्वतःकडे हवेत: नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझल, सर्टिफिकेटं, समुद्रातल्या दिवसांची नोंद. लॅपटॉप त्याच दिवशी बंद होतो, कधी कधी बैठक संपायच्या आत. पण वेल लॉग, ड्रॉइंग, खर्चाचे तक्ते उचलू नका. तो कंपनीचा डेटा आहे, आणि त्यापायी मिळायचे पैसेही अडकतात.

सीव्ही दुसऱ्या उद्योगाला कळेल असा लिहा. "ऑफशोअर मेकॅनिक, १२ वर्षं" यावरून वीजकेंद्राच्या माणसाला काही बोध होत नाही. "सेंट्रिफ्यूगल पंप व रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर: मेकॅनिकल सील बदलणे, लेझर अलाइनमेंट, व्हायब्रेशन रीडिंग" हे त्याला लगेच कळतं; सिमेंट, खत आणि जहाजवाल्यांनाही. ड्रिलिंगवाल्यांनी भूऔष्णिक विहिरींकडे बघावं, सबसीवाल्यांनी (समुद्रतळावरच्या यंत्रणांवर काम करणाऱ्यांनी) समुद्रातल्या पवनचक्क्यांकडे. पगार कमी असेल, तो धक्का आधीच पचवा.

पत्र हातात आलं तर

त्या खोलीत सही करू नका. "वाचून उद्या देतो" म्हणा आणि हे लेखी मागा: शेवटचा दिवस कोणता, नोटिशीचा पगार किती, शिल्लक रजा व रोटेशनचे (ठरावीक दिवस काम, मग तितकेच दिवस सुटी) राहिलेले सुटीचे दिवस कसे मोजले, विमा कोणत्या तारखेला संपतो, प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी आहे का, अनुभवपत्र कधी मिळेल. परदेशात असाल तर परतीचं तिकीट आणि व्हिसाची मुदत हे दोन प्रश्न सगळ्यांच्या आधी. सगळ्यात जास्त चूक रोटेशनच्या दिवसांत होते: २८ दिवस काम करून आलात आणि सुटीच्या पाचव्या दिवशी काढलं, तर उरलेल्या २३ दिवसांचं काय, हे करारात बघून हिशेब पडताळा.

क्रूचे नंबर खासगी फोनमध्ये ठेवा आणि स्वतःचा नंबर बदलू नका. कोल्ड स्टॅक रिग पुन्हा उभी करायला महिने लागतात, पण क्रूची जुळवाजुळव शेवटी घाईत होते. फोन करणाऱ्याला ज्याची सर्टिफिकेटं आणि मेडिकल चालू आहेत असा माणूस हवा असतो. म्हणून त्यांच्या मुदतीच्या तारखा सीव्हीच्या पहिल्या पानावर, नावाच्या लगेच खाली लिहा.