डोळे आपली चुगली करतात, ती घरी कशी पकडायची

लोणावळा लोकलला खिडकी मिळाली की मित्राला बाहेर बघायला सांगा आणि तुम्ही त्याची बुबुळं बघा. बाहेरच्या खांबांबरोबर ती हळू मागे सरकतात आणि टुणकन पुढे येतात, परत हळू मागे, परत टुणकन. याला ऑप्टोकायनेटिक निस्टॅग्मस म्हणतात, मुद्दाम करावं लागत नाही, उलट थांबवणंच अवघड. मोबाईलवर स्लो मोशनमधे शूट केलं तर जास्तच भारी दिसतं.

पण डोळे जातात कशामागे, समोर जे हलतंय त्याच्या, का आपल्याला जे हलताना वाटतंय त्याच्या? हे बघायला अप्पा बळवंत चौकातून लाल आणि निळा जिलेटिन पेपर आणा, जुन्या चष्म्याच्या काचा काढून एका बाजूला लाल, दुसरीकडे निळा चिकटवा. दुहेरी लावा हां, मी एकेरी लावला तर दोन्ही डोळ्यांना सगळंच दिसत होतं आणि अख्खी संध्याकाळ फुकट गेली. लॅपटॉपवर काळ्या बॅकग्राउंडवर लाल उभे पट्टे डावीकडे, निळे उजवीकडे सरकतील असं ॲनिमेशन करा. एकेक डोळा झाकून चेक करा, एका डोळ्याला एकच रंग दिसला पाहिजे. (फिट येत असेल त्यांनी हे करूच नका, आणि गरगरलं तर बंद.)

आता दोन्ही डोळे उघडे ठेवून मधोमध निवांत बघत बसा, पट्ट्यांच्या मागे लागू नका. मेंदू दोन्ही रंग नीट एकत्र करत नाही, थोडा वेळ लालच दिसतात, मग आपोआप निळे, मधेच खिचडी. स्क्रीनवर मात्र काहीही बदललेलं नसतं! आणि डोळे? लाल दिसताना हळू डावीकडे सरकून उजवीकडे उडी, निळे दिसायला लागले की बरोब्बर उलटं. चेहऱ्यावर बाजूने लॅम्प मारा म्हणजे जिलेटिनमधूनही बुबुळ दिसतं, आणि समोरून बघणाऱ्याला तुमचं डावं उजवीकडे दिसणार हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर भांडणं होतात.

संशोधकही हीच युक्ती वापरतात, माणसाला काय दिसतंय ते न विचारता कळतं. आमच्याकडे ताई समोर बसून "आता निळा, आता लाल" म्हणत होती आणि मी तोंडही उघडलं नव्हतं.