घोडी सांभाळायला द्यायच्या आधी

आमची घोडी गोव्यात पेडण्याला एका स्नेह्याकडे सव्वादोन वर्षं होती, आणि ती परत आणायला आणखी पाच महिने गेले. मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही पुण्याला निघालो होतो. डिचोलीच्या घरी आई एकटीच राहणार होती. स्नेह्याकडे जागा होती, हौस होती, पोरं घोड्यावर बसायला शिकत होती. “ने, आपलीच समज,” असं मी म्हणून गेलो. त्या दिवशी ते वाक्य मला फार मोठेपणाचं वाटलं. पुढे त्यानं ते मला जसंच्या तसं ऐकवलं.

म्हणून पहिली तयारी तोंडाची. “आपलीच समज” म्हणायचं नाही. “तुझ्याकडे राहू दे, परत नेईन” म्हणायचं, आणि तेही दोघातिघांच्या समोर. विकली, बक्षीस दिली, भाड्यानं दिली की नुसती सांभाळायला दिली, या चारांतलं नक्की काय ते आधी स्वतःशी ठरवा आणि मग कागदावर एका वाक्यात लिहा. कागदाला फार मोठी भाषा लागत नाही. घोडी कोणाची, कोणाकडे, कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी, खर्च कोणाचा, परत मागायची झाली तर किती दिवस आधी सांगायचं. एवढं एका पानावर बसतं. आमच्याकडे हे पान नव्हतं.

मुदत लिहिताना तारीख लिहा. “मुलीचं शिक्षण होईपर्यंत” हे लिहू नका, कारण शिक्षण कधी संपतं यावर आमच्यात खरोखरच वाद झाला. आणि ती तारीख पावसाळ्यात येऊ देऊ नका. जून ते सप्टेंबर गोव्यात जनावर हलवणं म्हणजे चिखल, निसरडा टेंपो आणि माश्या. गणेशचवथ उरकून, दसऱ्याच्या पुढचा एखादा कोरडा दिवस धरा.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण भांडण लागल्यावर माणूस वाचायला बसतोच. वस्तू किंवा जनावर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि काम झाल्यावर परत घ्यायचं, याचे नियम १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहेत, कलम १४८ पासून पुढे. गंमत म्हणजे त्या कलमांखालची उदाहरणं वाचली तर जागोजागी घोडाच भेटतो. त्या काळी घोडा म्हणजे आजची स्कूटर, शेजारी मागायला यायचाच. कलम १५९ म्हणतं की फुकट वापरायला दिलेली वस्तू देणाऱ्याला केव्हाही परत मागता येते, मुदत ठरलेली असली तरीही. पण त्या मुदतीच्या भरवशावर घेणाऱ्यानं काही करून ठेवलं असेल आणि अचानक परत नेल्यामुळे त्याचं झालेलं नुकसान त्याला मिळालेल्या फायद्याहून जास्त असेल, तर वरचा फरक देणाऱ्यानं भरून द्यायचा. माझ्या स्नेह्यानं घोडीसाठी सिमेंटचा तबेला बांधला होता. मला तो कौतुकाचा वाटत होता, त्याच्या लेखी तो हिशेबाचा होता. तेव्हा यादीत हेही घ्या: घेणारा तुमच्या जनावरासाठी काही बांधत असेल तर विटा पडायच्या आधीच त्याच्याशी बोला.

गोव्यात एक जास्तीची गोष्ट आहे. इथं लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरतात, हे आपल्याला जमिनीच्या व्यवहारांवरून माहीत असतं, पण घोडं देताना कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून दोन्ही घरच्या जोडप्यांच्या सह्या घ्या. कायदा बाजूला ठेवला तरी त्यात शहाणपण आहे. आमच्या अख्ख्या भांडणात सगळ्यांत रास्त बोलली ती त्याची बायको. दोन वर्षं रोज सकाळी लीद तीच काढत होती, आणि घोडी घ्यायची की नाही हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

घोडीचे दोष लपवू नका. कायद्यातलंच उदाहरण आहे: घोडा अवखळ आहे हे माहीत असून न सांगता दिला, तो उधळला आणि बसणारा पडून जखमी झाला, तर जबाबदारी देणाऱ्याची. आमची घोडी फटाक्यांना बुजते. मी ते सांगितलं नव्हतं, खरं तर मला ते सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं. पहिल्याच दिवाळीत, नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री, तिनं दावं तोडलं आणि पहाटे ती शेजाऱ्याच्या केळीत सापडली. केळींचे पैसे त्यानं भरले. माझ्याकडे मागितलेही नाहीत. पण ते त्याच्या मनात राहिलं, आणि बरोबरच राहिलं.

आता ज्यावर खरा वेळ घालवायचा ते काम. घोडं पेंड खातं ते इथेच: देताना जनावर कसं होतं आणि परत येताना कसं आहे. माझ्याकडे तिचे फोटो ढीगभर होते, पण सगळे मुलगी वर बसलेली असे. एकात घोडीची मान कापलेली, एकात फक्त कान. असे फोटो वादात कामाला येत नाहीत. देण्याच्या दिवशी सपाट जमिनीवर तिला मोकळी उभी करा, खोगीर उतरवून, अंग धुऊन. डावीकडून, उजवीकडून, समोरून, मागून पूर्ण फोटो. मग चारही खूर उचलून तळवे. मग दात. मग कपाळावरचा आणि मानेवरचा केसांचा भोवरा. भोवरे लोक शुभ-अशुभासाठी बघतात, पण त्यांच्या जागा प्रत्येक घोड्याच्या वेगळ्या असतात आणि ओळख पटवायला त्यांचाच उपयोग होतो. आणि मग जुने व्रण, एकेक, जवळून, बाजूला रुपयाचं नाणं धरून. शेवटी तिला दोन्ही बाजूंनी चालवत आणि दुडकीनं पळवत एक मिनिटाचा व्हिडिओ. हे सगळं दोघांच्याही फोनवर त्याच दिवशी गेलं पाहिजे.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. घोडी परत बघायला गेलो तेव्हा डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथे तंग म्हणजे खोगिराचा पट्टा आवळतात तिथे, बोटभर लांब पांढऱ्या केसांची रेघ होती. तांबड्या घोडीवर पांढरी रेघ लपत नाही. तंग घासून जखम होते, चामडीपर्यंत जाते, आणि भरल्यावर त्या जागी केस पांढरे येतात. म्हणजे कुणीतरी तिला मळक्या किंवा सैल तंगानं बराच वेळ राबवलं होतं. मी रेघेवर बोट ठेवलं. तो म्हणाला, “ही होतीच की आधीपासून.” मी म्हणालो, “नव्हती.” तो म्हणाला, “होती.” असं आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये त्या घोडीच्या कुशीशी वाकून दहा मिनिटं करत होतो, आणि ती शेपटीनं आळीपाळीनं दोघांना माश्यांसारखी झटकत होती. माझ्याकडे त्या जागेचा एकही फोटो नव्हता. पुढे एका ओळखीच्याच्या फोनवर म्हापशाकडच्या एका वरातीचा व्हिडिओ बघायला मिळाला. त्यात आमची घोडी होती, झुलीखाली, पाठीवर नवरदेव.

तेव्हा वापर नेमका लिहा. कोण बसणार, किती वजनाचं माणूस, वाळूवर न्यायची का, वरातीला किंवा पर्यटकांच्या फोटोंसाठी द्यायची का, आणि दिली तर ते पैसे कोणाचे. कायद्यातलं उदाहरण इतकं बारीक आहे की घेणाऱ्यानं स्वतः बसण्यासाठी मागितलेला घोडा घरातल्या दुसऱ्या कुणाला दिला, त्यानं जपून चालवला तरी अपघातानं घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई घेणाऱ्याच्या माथी येते. माझं मत विचाराल तर घरच्या पोरांना बसू द्यावं, आणि ते कागदावर लिहूनच बसू द्यावं. वरातीला मात्र नाही.

वजन मोजून ठेवा. तराजू लागत नाही, शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ११,८८० नं भागायचं. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो. हा अंदाजच आहे, पण एकाच हातानं एकाच टेपनं दोनदा मोजलं की वाळली की भरली ते कळतं. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, एवढं तरी लिहाच.

खाण्याचं सविस्तर लिहून द्या, कारण गोव्यात घोड्यांना सरावलेली माणसं थोडी. एके काळी इथल्या बंदरातून विजयनगरला अरबी घोडे जात, आणि आज आमचा नालबंद बेळगावहून चोर्ला घाट उतरून येतो. एवढ्या घोडीला दिवसाला पाच-सहा किलो तरी सुकं गवत लागतं. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ती जगेल, पण अंग धरणार नाही. पाणी पंचवीस-तीस लिटर, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, कारण घोड्याला ओकता येत नाही आणि पोटातली गडबड बघता बघता जिवावर येते. खूर सहा ते आठ आठवड्यांनी साळायचे. पावसाळ्यात उभं राहायला कोरडी जागा हवी, नाहीतर खुराच्या मधला मऊ भाग सडतो आणि घाण वास मारू लागतो. धनुर्वाताची लस, जंताचं औषध आणि त्यांच्या तारखा एका वहीत, आणि वही घोडीबरोबर.

खर्चाचं एक वाक्य: रोजचं खाणं घेणाऱ्याचं, नाल आणि लस देणाऱ्याची, मोठं आजारपण निम्मंनिम्मं, असं काहीही ठरवा, पण ठरवा. पुढच्या पाच महिन्यांत माझ्या स्नेह्यानं सव्वादोन वर्षांचा खुराक आठवणीतून मोजला, आणि आठवणीत घोडी नेहमी जास्तच खाते.

रात्री दोन वाजता पोटशूळ उठला तर? हा प्रश्न टाळू नका. घोडी लोळतेय, सारखी कुशीकडे बघतेय, डॉक्टर म्हणतोय की बेळगावला किंवा पुण्याला हलवा, नाहीतर सुटका करा. अशा वेळी मालकाचा फोन लागला नाही तर निर्णय कोणाचा, किती खर्चापर्यंत, आणि गेलीच तर शवविच्छेदन करायचं का, हे दोघांनी आधी बोलून लिहून ठेवा. आम्हाला ही वेळ आली नाही, हे नशीब. आली असती तर आम्ही आज एकमेकांचं तोंड बघत नसतो.

घोडी असेल तर शिंगराचं लिहा. गाभण घोडी अकरा महिने घेते, म्हणजे मुदतीत सहज बसतं. कलम १६३ प्रमाणे ठेवायला दिलेल्या गाईला वासरू झालं तर गाईबरोबर वासरूही मालकाचं, घोडीला वेगळा न्याय नाही. पण नराचे पैसे आणि अकरा महिन्यांची निगा कोणी केली हेही बघायला हवं. फळवायची नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

खोगीर, लगाम, रिकिबी, खरारा, तोबरा यांची मोजून यादी आणि एक फोटो. यावर जास्त शब्द घालवत नाही.

परत आणायची तयारी वेगळी. पंधरा दिवस आधी एकटे जा, टेंपो न घेता. नुसते बघून या, चहा प्या. आम्ही पहिल्याच खेपेला टेंपो घेऊन गेलो आणि त्याची धाकटी मुलगी तबेल्याच्या दारात कडी धरून उभी राहिली. तिच्या हिशेबात घोडी तिची होती, आणि आयुष्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी तिनं ती पाहिली होती. टेंपो रिकामा आला. पोलिसांत जायचा विचार मनात आला, गावच्या एका जाणत्यानं अडवलं. “चोरी म्हणशील तर खोटं ठरशील, त्यापेक्षा त्याच्या बायकोशी बोल,” म्हणाला. तेच कामाला आलं. रात्री गुपचूप दावं सोडून आणायचा सल्लाही दोघांनी दिला होता. तो ऐकू नका, घोडी आपली असली तरी कुंपण त्याचं आहे.

नेण्याच्या दिवशी पशुवैद्य दोघांच्या समोर हवा. देतानाचे फोटो समोर ठेवायचे, त्याच जागा, त्याच बाजू, पुन्हा फोटो. रक्त सर्रा या माश्यांतून पसरणाऱ्या रोगासाठी तपासा, विशेषतः पावसाळ्यातल्या मोठ्या चावऱ्या माश्यांनंतर. घरी दुसरे घोडे असतील तर दोन-तीन आठवडे वेगळी बांधा. दोडामार्ग किंवा पत्रादेवीला राज्याची हद्द ओलांडून न्यायची असेल तर वैद्याचा दाखला टेंपोत हवा. तिथल्या गवताच्या दोन गोण्या मागून घ्या आणि घरच्या गवतात मिसळत संपवा. पोरांना निरोप घेऊ द्या, आणि दिवाळीच्या सुटीत बसायला या म्हणा. म्हणाल ते कराही. ती मुलगी आता महिन्यातून एकदा डिचोलीला येते, आणि घोडी तिला माझ्याहून लवकर ओळखते.

घोडी आली तेव्हा तिच्या गळ्यात त्याचाच दोर होता, निळा, नायलॉनचा, नवा. चार दिवसांनी त्याचा फोन आला, बाकी सगळं ठीक, तेवढा दोर पाठव. पाठवतो म्हणालो. त्याला आता दीड वर्ष झालं.