जिवाणूत वाढणारा विषाणू टिपताना : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने कसे तयार करावेत

नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागत असल्याने जिवंत जिवाणूत चाललेली विषाणूची वाढ पाहता येत नाही; ठराविक मिनिटांना थांबवलेल्या पेशींचे छेद (अतिशय पातळ काप) क्रमाने लावूनच ती समजून घ्यावी लागते. म्हणून या कामात महागड्या यंत्रापेक्षा घड्याळाला महत्त्व अधिक. सोलापुरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नाल्याच्या पाण्यातून स्वतः फाज (जिवाणूत वाढणारा विषाणू) वेगळा करण्याची हौस असते. ती जरूर पुरवावी, पण पहिला प्रयोग टी४ फाज आणि त्याची लागण होणारा ई. कोलाय हा जिवाणू यांच्यावरच करावा, कारण ३७ अंश सेल्सिअसला हा विषाणू साधारण २५ मिनिटांत पेशी फोडतो, हे आधीच ठाऊक आहे.

जोमाने वाढणाऱ्या जिवाणूंत दर पेशीमागे पाच ते दहा फाज मिसळावेत, म्हणजे जवळजवळ सर्व पेशींना एकाच वेळी लागण होते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जात असल्याने फ्लास्क टेबलावर न ठेवता ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्येच ठेवावा. दर पाच मिनिटांनी थोडा नमुना काढून लगेच ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (पेशी आहे त्या स्थितीत थांबवणारे रसायन) मिसळावा. मिश्रणात त्याचे अंतिम प्रमाण २.५ टक्के असावे. पुढे बफरने (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) धुणे, पेशी अगरमध्ये (जेलीसारखा पदार्थ) बसवून त्याचे मिलिमीटरभर तुकडे करणे, पेशीची पटले टिकवणारे एक टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड, पाणी काढण्यासाठी चढत्या प्रमाणातील अल्कोहोल आणि शेवटी रेझिन (घट्ट होणारे प्लास्टिकसारखे द्रव्य), असा नेहमीचा क्रम आहे. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना इजा करते. फ्यूम हूड (विषारी वाफ ओढून घेणारे कपाट) नसेल तर ही पायरी करूच नये.

साठ अंशांच्या ओव्हनमध्ये घट्ट झालेल्या रेझिनच्या ठोकळ्यांना बर्फ लागत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबईला नेले तरी ते बिघडत नाहीत. पवईच्या आयआयटीसारख्या ठिकाणी यंत्राची वेळ मात्र आधी ठरवून घ्यावी.

छेद साधारण ७० नॅनोमीटर जाडीचे घेऊन त्यांना युरेनिल अ‍ॅसिटेट आणि लेड सायट्रेट या जड धातूंच्या क्षारांनी रंगवावे. पाचव्या मिनिटाच्या छेदात जिवाणूचा डीएनए विस्कटून कडेला सरकू लागलेला दिसतो, पण नवा विषाणू एकही नसतो. बाराव्या मिनिटाच्या आसपास पहिले पूर्ण विषाणू तयार होतात. त्यानंतर विषाणूंची डीएनए भरलेली डोकी गडद, तर रिकामी डोकी फिकट कड्यांसारखी दिसतात. मोजणी करताना घाई नको. टी४ चे डोके सुमारे ८६ नॅनोमीटर रुंद, म्हणजे छेदापेक्षा जाड असते. त्यामुळे कडेने कापले गेलेले डोके लहान भासते आणि एकच डोके लागोपाठच्या दोन छेदांत येऊ शकते. शिवाय एका छेदात पेशीचा लहानसा भागच येतो. एका पेशीतून किती विषाणू बाहेर पडले, हा आकडा छेदावरून काढू नये. त्यासाठी त्याच फ्लास्कमधील नमुन्याची प्लाक मोजणी (जिवाणूंच्या थरात विषाणूंनी पाडलेले स्वच्छ ठिपके मोजणे) समांतर करावी.