द्राक्षाची चटणी: गूळ विरघळल्यावर घाई करू नका

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव-मिरजेकडे घडातून सुटलेले मणी घडांपेक्षा स्वस्त मिळतात. चटणीला तेच घ्या. मात्र किलोभर मण्यांत पाव किलो तरी आंबट हवेत. सगळे गोड घेतले तर जॅम होतो, आणि तो दुकानात मिळतो.

किलोला पाव किलो चिरलेला गूळ, मूठभर बेदाणे, बोटभर किसलेलं आलं, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर भाजलेल्या बडीशेपेची भरड, मीठ. पातेलं रुंद आणि स्टीलचं. आंबट रसाला ॲल्युमिनियम नको.

मोहरी, हिंग, चार मेथीदाणे यांची फोडणी करून मणी आणि आलं टाका. पाणी नाही, झाकण नाही. मणी फुटले की डावाने ठेचा. मिक्सर लावू नका. साल दाताखाली आली नाही तर तो सॉस झाला.

आता गुळाचं. बहुतेक ठिकाणी तो सुरुवातीलाच घालायला सांगतात. साफ चूक. साली मऊ व्हायच्या आत गोड आत गेलं की त्या चिवटच राहतात. रस आटून निम्म्यावर आला की मगच गूळ घाला. तो विरघळला की चटणी पुन्हा पातळ दिसते, आणि इथेच माणसं घाबरून गॅस मोठा करतात. नका करू. बुडाला गूळ लागला तर करपट वास अख्ख्या पातेल्यात उतरतो, मग काही उपाय नाही. आच मंद, डाव तळाला घासत फिरता.

‘एकतारी पाक होईपर्यंत’ हा सल्ला तर ऐकूच नका. गरम असताना एकतारी झालेली चटणी गार झाल्यावर चमच्याला दाद देत नाही. त्याऐवजी फ्रीजमध्ये गार केलेल्या ताटलीत थेंब टाका, मिनिटभराने बोटाने रेघ ओढा. रेघ हळूहळू भरत आली तर गॅस बंद. अजिबात भरली नाही तर उशीर झाला. उकळतं पाणी चमचा-चमचा घालून एक उकळी आणा. बेदाणेही रात्रभर रस पितात, म्हणून थोडी सैलच उतरवायची.

बेदाणे, तिखट, बडीशेप, मीठ शेवटच्या पाच मिनिटांत.

कोरड्या बरणीत गरमच भरा, गार झाल्यावर फ्रीजमध्ये. खायला दुसऱ्या दिवशी काढा, तोवर तिखट मुरतं. घरात ओला चमचा घालणारं कुणी असेल तर त्याची वाटी आधीच वेगळी काढा.