छोट्या कॅटमरानवर बसायचं कुठे?

शिकायला लागलो तेव्हा पहिला महिनाभर माझं सगळं लक्ष शिडाकडे होतं. दोरी ओढ, सोड, पुन्हा ओढ. बसायचो मात्र मागे, सुकाणूला चिकटून, कारण तिथे सुरक्षित वाटायचं. वारा मंद असला की बाकीच्या बोटी निघून जायच्या आणि आमची जागची हलायची नाही. एकदा शिकवणारे म्हणाले, "शीड राहू दे, मागे काय वाजतंय ते ऐक." कॅटमरान ज्या दोन समांतर, अरुंद होड्यांसारख्या भागांवर तरंगते, त्या दोन्ही हलच्या मागच्या टोकांशी पाणी गुडगुडत होतं. आमच्या वजनाने ती टोकं बुडाली होती आणि बोट ते पाणी सोबत ओढत होती. आम्ही दोघं हळूहळू पुढच्या आडव्या दांड्यापर्यंत सरकलो. गुडगुड थांबली, मागची रेघ गुळगुळीत झाली आणि बोट सुटली.

होबी १६ ही दोघांनी चालवायची छोटी कॅटमरान साधारण १४५ किलोची. दोन माणसं मिळून जवळपास तेवढीच भरतात. म्हणजे पाण्यावरचं निम्मं वजन आपल्या हातात असतं!

मंद वाऱ्यात पुढे बसा आणि एकाने वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूच्या हलवर जा. अलीकडचा हल हलका होतो, पाण्याशी घासणं कमी होतं. उठबस मांजरीच्या पावलाने करा. एक धक्का बसला तरी शिडातला वारा सांडतो.

वारा वाढला की दोघंही वाऱ्याकडे, खांद्याला खांदा लावून. एक पुढे, एक मागे बसलात तर लाटांवर बोट जास्त डुलते. वाऱ्याकडचा हल पाण्याला जेमतेम शिवत राहिला पाहिजे. त्याहून उंच उचलला की बघायला छान, पण वेग जातो.

खरी भीती जोरदार वाऱ्यात, वारा बाजूने किंवा तिरका मागून घेताना. तेव्हा पलीकडच्या हलच्या पुढच्या टोकावरून नजर हटवू नका. ते पाण्यात घुसलं की बोट थबकते आणि पुढच्या बाजूने उलटते. ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीच्या तारेला अडकून बोटीबाहेर, लटकलेला माणूस थेट पुढे फेकला जातो. माझ्या जोडीदाराचं असंच झालं, गुडघा चांगलाच सुजला. वाऱ्याचा झोत अंगावर आल्यावर सरकायला वेळ मिळत नाही. पाण्यावर काळपट लहरी धावत येताना दिसल्या की तेव्हाच मागे व्हा.

बोटीचं तोंड वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला फिरवताना मात्र क्षणभर मुद्दाम मागे जायचं. पुढची टोकं उचलली जातात, बोट पटकन वळते. शीड भरलं की लगेच पुढे या, नाहीतर ती गुडगुड पुन्हा सुरू होते.